सामाईक विश्व आणि स्वयंपूर्ण आख्यान

कलाकृती स्वयंपूर्ण असावी काय, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटकांचे परस्परसंबंध उलगडून दाखविले, तेव्हा हे संबंध कलाकृतीच्या सीमेच्या आतच पुरे व्हावयाचे, हे त्यांच्या विवेचनात गृहीत होते. अतिमानवी नायकांच्या, म्हणजे रूढ शब्दात ‘सुपरहिरों’च्या, चित्रपटांनी हे गृहीत अडचणीत आणले आहे. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’पर्यंत मार्व्हल कंपनीने एकाच कल्पित विश्वात घडणारे २२ चित्रपट काढले. त्यांतील कोणत्याही एका चित्रपटाचा समतोल कोठे शोधावयाचा? त्या चित्रपटात, की बाविसांच्या मालिकेत? उलट ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘द डार्क नाइट’ (२००८) हा एका त्रयीतील मधला चित्रपट असूनही आपल्या शेवटाशी येऊन खरोखर थांबतो. या दोन पद्धतींपैकी श्रेष्ठ कोणती, असा वाद प्रेक्षकांत नेहमी चालतो. तो बहुधा निष्फळ ठरतो, याचे कारण त्यात प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो. कथा एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात की नसाव्यात, हा खरा प्रश्न नव्हे. जोडणारा दुवा कोणाजवळ असतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. आणि ते पाहण्यास कोकणाइतका अनुकूल प्रदेश क्वचितच सापडेल.

जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग १९८१ साली सिंधुदुर्ग म्हणून वेगळा झाला. दशावताराचे मुख्य क्षेत्र त्या भागात आहे. दशावताराचा रात्रभराचा खेळ दोन भागांत मांडला जातो. पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव ही पात्रे येतात. संकासुर वेद पळवितो आणि विष्णू त्याचा वध करतो. त्यानंतर आख्यान लागते. आज अभिमन्यू, उद्या कीचक, परवा बभ्रुवाहन असे प्रयोग बदलत राहतात. लिहून ठेवलेली संहिता नसते. नट उभ्या उभ्या संवाद रचतात, पेटी आणि पखवाज त्यांना साथ देतात. ही सगळी आख्याने एकाच पौराणिक विश्वातील आहेत. एका आख्यानातील कृष्ण दुसऱ्या आख्यानातही कृष्णच असतो. म्हणजे आज ज्याला ‘सामाईक विश्व’ म्हणतात, ते जत्रेतील प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. असे असूनही पहाटे दहीकाला होतो तेव्हा खेळ संपलेला असतो. पुढच्या गावचा खेळ पाहिल्यावाचून आजचा खेळ कळणार नाही, असे कोणालाही वाटत नाही. अभिमन्यू चक्रव्यूहात का शिरतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला शेजारी बसलेली आजी सांगते. दुवा प्रेक्षागृहात असतो, रंगमंचावर नसतो.

दुवा असा लोकांच्या स्मरणात असल्यामुळे नटाला एक मोठी मोकळीक मिळते. दशावतारी मंडळी पुराणात कोठेही नसलेले राजे आणि राजकन्या निर्माण करून ‘काल्पनिक’ आख्याने बेधडक रचतात आणि ती त्याच देवदेवतांच्या जगात नेऊन ठेवतात. संकासुराचेच पाहावे. दशावतारात तो वेद पळविणारा, हसे करून घेणारा दैत्य आहे. उत्तरेकडे, गुहागरच्या बाजूस, शिमग्यात आणि नमनात काळा पोशाख व उंच टोपी घालून येणारा संकासुर मात्र भाविकांच्या आदराचा विषय आहे. या दोन संकासुरांचा मेळ घालण्याची गरज आजवर कोणालाही भासली नाही. विसंगती हा दोष ठरण्यासाठी हिशेब तपासणारा कोणीतरी असावा लागतो.

हिशेब तपासणारा असतो तेथे मालकही असतो. कोकणात ‘सामाईक’ हा शब्द सातबाराच्या उताऱ्यावरून सर्वांना माहीत आहे. सामाईक जमिनीत अनेकांचा हक्क असतो आणि म्हणूनच तिच्यावरून भांडणे होतात. चित्रपटकंपन्यांचे सामाईक विश्व या अर्थाने मुळीच सामाईक नाही. त्यात एक मालक आणि पुष्कळ पाहुणे असतात. स्पायडरमॅनचे चित्रपटाचे हक्क सोनी कंपनीकडे असल्यामुळे तो मार्व्हलच्या विश्वात प्रथम २०१६ साली आला, तोही दोन कंपन्यांत करार झाला म्हणून; २०१९ च्या ऑगस्टमध्ये बोलणी फिसकटताच तो त्या विश्वातून जाणार असे दिसू लागले आणि पुढच्याच महिन्यात नवा करार होऊन तो परतला. या येण्याजाण्याचे कारण कथेत शोधणे व्यर्थ होय. अभिमन्यूला एका आख्यानातून दुसऱ्यात जाण्यासाठी कोणाच्या सहीची गरज पडत नाही.

हा भेद केवळ लोकनाट्य आणि चित्रपट यांतील नव्हे. दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ (१९१७) काढला त्यापूर्वी रामजन्मावर किंवा वनवासावर चित्रपट काढून प्रेक्षकांची तयारी करून घेण्याची त्यांना आवश्यकता वाटली नाही. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या, आणि तरीही रामायण अबाधित राहिले. अगदी अलीकडे दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावर आठ चित्रपटांचे ‘शिवराज अष्टक’ योजिले. त्यांतील पहिल्या पाचांचा क्रम बोलका आहे. ‘फर्जंद’ (२०१८) मध्ये १६७३ चा पन्हाळा, ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) मध्ये १६६३ ची लाल महालातील शाहिस्तेखानावरची स्वारी, ‘पावनखिंड’ (२०२२) मध्ये १६६०, ‘शेर शिवराज’ (२०२२) मध्ये १६५९ चा अफझलखान, आणि ‘सुभेदार’ (२०२३) मध्ये १६७० चा कोंढाणा. काळ मागे जातो, पुन्हा पुढे येतो, आणि प्रेक्षक गोंधळत नाही. ‘पावनखिंड’मधील बाजीप्रभू आणि ‘सुभेदार’मधील तानाजी या दोन्ही भूमिका अजय पुरकर यांनी केल्या आहेत. पाचही चित्रपटांत महाराजांच्या भूमिकेत चिन्मय मांडलेकरच असल्यामुळे मालिकेचे सातत्य तर राखले गेले. पण एका खिंडीत पडलेला वीर दुसऱ्या गडावर पुन्हा पडतो, याचे आश्चर्य कोणाला वाटले नाही. अमेरिकन मालिकेत हे घडते तर त्यासाठी समांतर विश्वांचा सिद्धांत मांडावा लागला असता. लांजेकरांच्या चित्रपटांची गुणवत्ता समान नाही, त्यांतील आवेश अनेकदा प्रसंगाच्या पुढे धावतो. परंतु रचनेच्या दृष्टीने ते आख्यानेच आहेत. शिवचरित्राचा दुवा घरोघरी असल्यामुळे प्रत्येक चित्रपट आपल्यापुरता मिटतो.

याविरुद्ध एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. पुराण काय किंवा शिवचरित्र काय, केव्हातरी तेही नवेच होते. कंपनीने निर्माण केलेली कथादेखील दहा-अकरा वर्षांत लोकांच्या स्मरणाचा भाग होऊ शकते. ‘एंडगेम’च्या अखेरीस चित्रपटगृहात लोक रडले ते स्वतःच्या आयुष्यातील अकरा वर्षांसाठीही रडले, हे नाकारता येणार नाही. तेवढ्यापुरता दुवा खरोखर प्रेक्षकांकडे आला होता. मात्र तो प्रत्यय मालिका संपत होती म्हणून आला, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर कंपनीने दुवा परत घेतला. २०२२ च्या डॉक्टर स्ट्रेंजच्या चित्रपटात वांडा आपल्या मुलांसाठी वेडी का होते, हे २०२१ ची ‘वांडाव्हिजन’ ही दूरचित्रवाणीमालिका न पाहिलेल्याला नीट उमगत नाही. आणि शेजारच्या आजीला ते सांगता येत नाही, कारण तिने वर्गणी भरलेली नसते.

आपल्याकडील खरी कसोटी मात्र या दोहोंच्या मध्ये आहे. लोकश्रद्धा सर्वांची आणि दुवा कंपनीचा, अशी जेथे गाठ पडते ते उदाहरण कोकणातलेच आहे. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट २०२४ च्या जूनमध्ये आला. ‘स्त्री’ (२०१८) आणि ‘भेडिया’ (२०२२) यांनी सुरू झालेल्या मॅडॉक कंपनीच्या भुताखेतांच्या विश्वातील तो पुढचा भाग. या विश्वातील भुते हळूहळू नायक होत चालली आहेत. ‘भेडिया’तील लांडगा पुढे इतरांच्या मदतीला धावणारा रक्षक बनतो. तेव्हा हे विश्व अतिमानवी नायकांच्याच जातीचे मानण्यास हरकत नाही.

मुंजा म्हणजे काय, हे रत्नागिरीच्या वाचकास सांगावयास नको. तरी एन्थोव्हेन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या कोकणातील लोकश्रद्धांच्या टिपणांचा उल्लेख येथे करणे उचित होय. ए. एम. टी. जॅक्सन यांनी सुरू केलेले हे संकलन गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठविलेल्या माहितीवर आधारलेले आहे आणि त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील मास्तरांचा वाटा मोठा आहे. त्या टिपणांतील भुते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: जवळजवळ प्रत्येकाला पत्ता आहे. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, देवचार गावाच्या शिवेवर, समंध आपल्या ठेव्यापाशी. मौंजीबंधन झाले आणि सोडमुंज होण्यापूर्वीच जो बटू मेला, त्याचा मुंजा होतो. म्हणजे मुंजा हा एक अपुरा राहिलेला विधीच आहे. त्याला हवी असते ती पूर्तता. कथेची सारी गती तिकडेच असते.

सरपोतदारांनी हे मर्म अचूक पकडले आहे. १९५२ सालातील आरंभ, आपल्याहून मोठ्या मुन्नीवर जडलेला गोट्याचा हट्ट, झाडाखालचा अघोरी विधी आणि त्यात ओढून झालेला मृत्यू, हा भाग चित्रपटातील सर्वांत सघन होय. पुढे त्याच्या बहिणीच्या नातवाला तो हट्ट वारशाने मिळतो. भूत फक्त त्याच रक्ताच्या माणसांना दिसते. घराण्यातील न फिटलेले देणे, असा अर्थ त्यातून आपोआप निघतो. सरपोतदारांना ही भूमी अपरिचित नव्हती. त्यांच्या ‘नारबाची वाडी’ (२०१३) या मराठी चित्रपटाचे मूळ मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकात असूनही तो इतका कोकणातला वाटतो, याचे कारण नारोबाचे सारे विश्व त्या वाडीच्या कुंपणात मावते. खोत वाट पाहतो, म्हातारा मरत नाही. एवढ्यावर चित्रपट उभा आहे आणि त्यास बाहेरच्या कशाचीही गरज नाही.

‘मुंज्या’तील मूळ संघर्ष असाच निकालात निघतो. पण नामावली सुरू झाल्यावर पडद्यावर ‘भेडिया’तील नायक आणि त्याचा सोबती येतात. त्यांचा चेटुकवाडीशी, त्या झाडाशी, त्या रक्ताशी काही एक संबंध नाही. हा शेपटाचा प्रसंग पुष्कळांना मौजेचा वाटला, आणि तो काही क्षणांचाच आहे हेही खरे. तथापि त्याचे कार्य समतोलाच्या नेमके विरुद्ध आहे. जी कथा अपुऱ्या विधीच्या पूर्ततेसाठी धडपडत होती, तीच पूर्ततेनंतर पुन्हा अपुरी केली जाते, आणि तेही तिच्या स्वतःच्या गरजेसाठी नव्हे. विशेष असे की, या चित्रपटात एकही मोठा तारा नव्हता आणि तरी तो गर्दीने चालला. लोक आले ते मुंजासाठी. विश्वाचा आधार त्याला नको होता; विश्वालाच त्याचा आधार हवा होता.

भूत एका विश्वात सामावून घ्यावयाचे तर ते वाहतुकीस योग्य करावे लागते, म्हणजे त्याचा पत्ता पुसावा लागतो. ‘स्त्री’तील भिंतीवर मजकूर लिहून भुताला परत पाठविण्याची कल्पना मूळची कर्नाटकातली, ती चंदेरीत नेताना फारसे काही सांडले नाही. वेताळाच्या बाबतीत मात्र सांडले. सरपोतदारांच्याच ‘थामा’ (२०२५) मध्ये बेताळ ही रक्ताशी नाते असलेली, अरण्यात लपलेली एक जमात आहे. तिच्यात आणि पाश्चात्त्य रक्तपिपासू भुतांत फरक करणे कठीण पडते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा याच नावाचा, पण तो ग्रामरक्षक आहे. त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. अतिमानवी रक्षक म्हणून वेतोबा कोणत्याही अमेरिकन नायकाच्या तोडीचा आहे. त्याचे सामर्थ्य मात्र शिवेपुरते आहे, आणि त्या शिवेमुळेच ते खरे वाटते. ‘थामा’तील बेताळाला अशी शीव नाही, भेडियाशी झुंजण्यास तो मोकळा आहे आणि त्याने झुंजावे अशी योजनाच आहे. त्याच्या पायांत झिजण्यासारखे काही नाही.

मराठीत मुखवटा घातलेल्या रक्षकाचा एक प्रयत्न निखिल महाजन यांनी श्रेयस तळपदे यांना घेऊन ‘बाजी’ (२०१५) मध्ये केला होता. तेथे विश्व उभारण्याचा विचार नव्हता. गावाची दंतकथा होती आणि तिला जागविणारा एक भित्रा तरुण होता. चित्रपट रेंगाळतो, त्यातील दुष्टाचे सोंग नायकापेक्षा रंगते, आणि त्याला पुढचा भागही मिळाला नाही. गावाची गोष्ट गावात सुरू होऊन गावातच संपविण्याची त्याची शिस्त ‘थामा’च्या कर्त्यांनी पाहण्याजोगी आहे.