व्रणितोपासनीय अध्याय आणि तळ्याकाठचे पथ्य

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणिसावा अध्याय व्रणिताच्या शुश्रूषेचा आहे. त्याची थोरवी आपण वारंवार गातो. परंतु तो चिकित्सक दृष्टीने वाचला जातो, असे दिसत नाही. हा अध्याय नवेगाव बांधाच्या काठी बसून वाचला, म्हणजे त्यातील अडचण चटकन ध्यानात येते. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेल्या या तलावाने भात आणि मासळी ही दोन अन्ने परिसराला दिली. गोंदियास वा नागपुरास पोटाची मोठी शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या माणसाला त्यांतले पहिले पेजेच्या रूपाने मिळते. दुसरे मात्र ‘पू होईल’ म्हणून त्याच्या ताटातून उचलले जाते.

हा समज निव्वळ अडाणीपणाचा नव्हे. नवे धान्य, उडीद, तीळ, आंबट, दही, दूध आणि जलचरांचे मांस हा सारा वर्ग पू वाढविणारा म्हणून सुश्रुतानेच वर्ज्य ठरविला आहे. (त्या यादीतील ‘कलाय’ म्हणजे वाटाणा, की आपल्या धानाच्या बांधीतली लाखोळी, हा वाद येथे बाजूस ठेवू.) ज्या काळी जंतूंची कल्पनाच नव्हती, त्या काळी पुवाचे कारण अन्नात शोधणे स्वाभाविक होते. लिस्टरने १८६७ साली जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली आणि या निषेधाचा आधारच गेला. निषेध तेवढा राहिला.

परंतु दोष एकट्या ग्रंथावर ढकलणे अन्यायाचे होईल. त्याच अध्यायात जुन्या तांदळाचा ऊन, स्निग्ध, पातळसर भात, रानातील प्राण्यांचे मांस, मूग आणि तूप यांची स्पष्ट शिफारस आहे. म्हणजे ग्रंथकाराने एका हाताने काढून घेतलेले दुसऱ्या हाताने भरून दिले होते. परंपरेने निषेधाची यादी जपली आणि विधीची यादी गहाळ केली. मागे उरली ती पेज.

ही हानी किती, हे आकड्यांनी पाहू. शस्त्रक्रियेनंतर शरीर आपलेच स्नायू मोडून जखमेला पुरवठा करते. जठरव्रणाच्या ज्या रुग्णांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी शेकडा वीसहून अधिक घटले होते, त्यांतले सुमारे एक तृतीयांश दगावले, इतरांत हे प्रमाण शेकडा साडेतीन होते, असे स्टडलीने १९३६ साली दाखविले. आज दर किलो वजनामागे रोज सुमारे दीड ग्रॅम प्रथिन सुचविले जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण वैद्याने ठरवावयाचे. पन्नास किलोच्या माणसाला हे पाऊणशे ग्रॅम झाले. शंभर ग्रॅम तांदळाच्या पेजेतून त्यांतले जेमतेम सात-आठ ग्रॅम मिळतात. तेवढ्याच वजनाच्या ताज्या मासळीतून पंधरा ते वीस मिळतात, तुरीच्या कोरड्या डाळीतून बावीसच्या आसपास.

अध्यायाचा दुसरा भाग मला अधिक आक्षेपार्ह वाटतो. अंगात बळ असले तरी व्रणिताने उभे राहणे, हिंडणे टाळावे, असे तो सांगतो. कोपनहेगनच्या केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात नेमका उलट क्रम घालून दिला: वेदना आवरा, लवकर खाऊ घाला, लवकर चालवा. अंथरुणात पडून राहिलेल्या स्नायूला नुसते प्रथिन देऊन भागत नाही. दिवसा झोपू नये हा सुश्रुताचा निर्बंध मात्र या नव्या क्रमाशी सहज जुळतो. जखमेला ताण न देता घरच्या माणसाने हात धरून रुग्णाला पाळीपर्यंत फिरवून आणावे आणि परत आल्यावर मासळीचा रस्सा वाढावा, एवढे या तळ्याकाठी खर्चावाचून साधण्याजोगे आहे.