शरभशिल्पें व राजकीय उपहास

जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजावर हत्तींना पंजांत जखडून उभा असलेला सिंहासारखा पशु कोरलेला आहे. हे हत्ती म्हणजे भोंवतालच्या सत्ता, व त्यांची टर उडविण्यासाठीं बुऱ्हाणखानानें हें शिल्प बसविलें, असा अर्थ सांगण्यांत येतो. ऐकावयास तो मोठा गोड लागतो. परंतु त्यास कथेपलीकडे आधार काय?

आमच्या वऱ्हाडांत गाविलगडच्या दरवाजावर हत्ती धरलेला गंडभेरुंड आहे. चोंचींत व पंजांत हत्ती घेतलेला हाच पक्षी विजयनगरच्या अच्युतरायाच्या (1529–42) नाण्यावरही आढळतो. नाण्यावरील हत्ती म्हणजे ओरिसाचा गजपति असें मानलें, तर तोच हत्ती इमादशाहीच्या दरवाजावर कोणाचा? इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला हा मूळचा विजयनगरकडील हिंदु, असें फेरिश्ता लिहितो. तेव्हां ही मूळ देशाची खूण असावी, असा तर्क करतां येईल. पण ती आठवण झाली, उपहास नव्हे. एकच आकृति एकमेकांशीं संबंध नसलेल्या धन्यांच्या दारीं दिसूं लागली, म्हणजे ती सामर्थ्याचें रूढ चिन्ह समजणेंच सरळ.

यावरून पशुरूपानें राजकीय उपहास होतच नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. 4 जानेवारी 1881 रोजीं निघालेल्या 'केसरी'नें शिरोभागीं जगन्नाथ पंडिताच्या भामिनीविलासांतील अन्योक्ति घातली. सिंह गुहेंत निजला आहे, सबब येथें क्षणभरही थांबूं नकोस, असें तींत हत्तीस बजाविलें आहे. पंडित शहाजहानच्या काळचा. त्याच्या मनांत इंग्रज असणें शक्य नव्हतें. हत्तीला इंग्रजाचें नांव दिलें तें 1881 च्या वाचकानें, आणि काळ व प्रसंग उघड असल्यामुळें तें खोटें ठरत नाहीं. गंमत अशी कीं, त्या श्लोकांतील सिंह मोठमोठ्या शिळांना हत्ती समजून नखांनीं फोडतो. आमच्या कित्येक संशोधकांची गत याहून निराळी नाहीं!

बुलढाणें जिल्ह्यांतील संग्राहकांस हें मुद्दाम सांगण्याचें कारण सिंदखेडराजा. जाधवांना हत्ती दगडांत नव्हे, जिवंत भेटला. खंडागळ्यांचा हत्ती पिसाळला व त्या धुमाळींत दत्ताजी जाधव आणि संभाजी भोसले हे दोघेही पडले, ही बखरींतील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. उद्यां तेथील एखाद्या पडक्या भिंतींत हत्ती दाबलेला सिंह निघाला, तर सिंह जाधव व हत्ती भोसले असा लेख आठ दिवसांत तयार होईल. त्याआधीं तो पाषाण मूळ जागीं आहे कीं दुसऱ्या इमारतींतून आणून बसविला आहे, त्याचें तोंड कोणीकडे आहे, शेजारीं लेख आहे कीं काय, एवढें तरी टिपून ठेवावें. घरीं नेऊन ओसरीवर मांडलेल्या दगडास यांपैकीं कांहींच विचारतां येत नाहीं.