ऋतू आणि हंगाम

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी ललितगद्याला निसर्गाकडे पाहण्याची नवी नजर मिळाली. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने, महिन्याला एक लेख. झाडे, फुले, आकाशाचे रंग ह्यांतून कालाची पावले त्यांनी टिपली. पुस्तक आजही ताजे वाटते, ह्यात वाद नाही. तरीही सोलापूरकडच्या वाचकाच्या मनात एक शंका उभी राहते: हे चक्र आमच्याकडे असेच फिरते काय?

चक्र म्हटले की परत येण्याची खात्री आली. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त ग्रीष्मापासून वसंतापर्यंत सहाही ऋतू ओळीने येतात, एकही चुकत नाही. सोलापूर जिल्ह्यात मात्र वर्षाचा सरासरी पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास, आणि सर्वांत भरवशाचा महिना सप्टेंबर. मृग कोरडा गेला तरी येथला शेतकरी धीर सोडत नाही. त्याचे डोळे उत्तरा-हस्ताकडे लागलेले असतात. ज्या हस्ताच्या नावाने आपल्या मुली हत्तीचे चित्र मांडून हादगा खेळतात, त्याच पावसाच्या ओलीवर काळ्या रानातली रब्बीची ज्वारी थंडीभर वाढते. वेळा अमावास्येला घरची माणसे रानात जमून आंबील पितात; मग हुरडा, मग काढणी. ह्या वर्षाचे माप महिना नव्हे, तेरा-चौदा दिवसांचे नक्षत्र.

म्हणून म्हणावेसे वाटते की, ऋतू हा पाहणाऱ्याचा काळ आणि हंगाम हा वाट पाहणाऱ्याचा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत होमानंतर उपाशी ठेवलेले वासरू आणतात आणि त्याच्या वागण्यावरून पुढील वर्षाची भाकणूक करतात. तिच्यावर विश्वास ठेवा वा न ठेवा. येणाऱ्या पावसाची काळजी जानेवारीतच वाहणारे मन तिच्यात दिसते. १९७२ चा दुष्काळ भोगलेल्या घरांत तर लग्ने आणि जन्मही ‘दुष्काळाच्या आधी’ आणि ‘दुष्काळानंतर’ असे सांगितले जातात. पुढे १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, ऊस वाढला. बारा ते अठरा महिने रानात उभे राहणारे हे पीक कोणत्याच ऋतूत बसत नाही. त्याच्याबरोबर ‘गाळप हंगाम’ हा नवा काळ पंचांगाबाहेरून आला.

हा दोष दुर्गाबाईंचा नव्हे. त्यांनी डोळ्यांना दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. चूक पुढच्यांची, त्यांनी निसर्गलेखन म्हणजे फुलापाखरांची रोजनिशी असे मानले. जो पाऊस आला नाही, त्याचे वर्णन करणे बहरलेल्या पांगाऱ्याच्या वर्णनाहून अवघड आहे, हे खरे. पण महाराष्ट्राचा केवढा तरी भाग पर्जन्यछायेत राहतो. त्याचा काळ मराठी गद्यात उतरल्यावाचून आपले ऋतुचक्र पुरे झाले, असे म्हणता येणार नाही.