पार्श्वसंगीत आणि चित्रानुभव : पिंगुळीच्या चित्रकथीच्या संदर्भात

कलादालनात मंद स्वरात बासरी वा सतार लावून ठेवण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. त्यामुळे प्रेक्षक रमतो, असे सांगितले जाते. तो चित्रात रमतो की संगीतात, हे मात्र कोणी तपासत नाही. ध्वनीने दिलेला अर्थ दृश्यातूनच उमटल्यासारखा भासतो, असे फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओं यांनी चित्रपटाविषयी १९९० मध्ये प्रतिपादन केले. स्थिर चित्रास हे अधिकच लागू पडते. कारण आपल्यासमोर किती वेळ थांबावे, हे चित्र स्वतः सांगत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथीत ते गाणे सांगते. ठाकर समाजातील कथेकरी रामायण-महाभारतातील आख्यानाची चित्रे एकेक करून समोर उभी करतात व वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गातात. पद संपते तेव्हा चित्र बदलते. या चित्रांतील मोठ्या डोळ्यांच्या चेहऱ्यांवर शोक वा क्रोध फारसा उमटत नाही. ही चित्रकाराची उणीव मानणे चुकीचे ठरेल. तो भाव गायकाच्या आवाजासाठी राखून ठेवलेला असतो. येथील संगीतास 'पार्श्वसंगीत' म्हणणेच गैर आहे. (माधवनगरशेजारच्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा त्यातही सूत्रधार गात असे व पात्रे दृश्य उभे करीत, हे येथे आठवते.)

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रे जतन झाली, हे मोलाचेच. परंतु मूळ पोथीत पाठीला पाठ चिकटविलेले चित्र भिंतीवर लागले की त्याची एक बाजू झाकते आणि गाणे तर पूर्णच गळते. उरते ती रेषा व रंग.

याउलट औंधचे श्रीभवानी संग्रहालय. ते १९३८ मध्ये स्थापन करणारे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार होते, तसेच कीर्तनकारही. तेथील रविवर्म्यांच्या चित्रांत भाव चेहऱ्यावर, वस्त्रांच्या घडीत, प्रकाशात पूर्ण उतरलेला आहे. हेन्री मूर यांचे 'माता व बालक' हे शिल्प तर शांततेतच उलगडते. तेथे सतारीची ध्वनिफीत लावणे म्हणजे पाहणाऱ्याच्या वतीने आधीच हळहळून घेणे होय.

मग चित्रकथीच्या चित्राशेजारी तिच्याच पदांची ध्वनिफीत लावावी काय? मौनापेक्षा ते बरे. तथापि ध्वनिफीत प्रेक्षकासाठी थांबत नाही. कथेकरी थांबतो, श्रोत्याकडे पाहतो आणि मगच पुढचे चित्र उचलतो.