लगाम कोणाच्या हाती?

जळगावच्या एका मित्रानं डच निसर्गचित्रांचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. म्हणाला, "चळवळ जरा बाजूला ठेव, नुसता उजेड बघ."

बघितला. सतराव्या शतकातला आल्बर्ट कॉयप, डोर्ड्रेख्त गावचा. दिवस कलतानाचं पिवळं ऊन, नदी, ढग, आणि घोडे. घोड्याच्या पाठीवर ऊन कसं पडतं ते ह्या माणसाला कळलं होतं, हे कबूल. हारलेमचा फिलिप्स वावरमन तर बहुतेक चित्रांत एक पांढरा घोडा ठेवतोच. सारंगखेड्याच्या बाजारात घोडे बघत वाढलेल्या आपल्या खान्देशी माणसाला ही जनावरं खोटी वाटणार नाहीत.

पण घोड्यावर कोण बसलंय? हॉलंड तेव्हा व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक. पैसा आला, आता सरदारासारखं दिसायचं होतं. कॉयपनं डोर्ड्रेख्तच्या श्रीमंतांना घोड्यावर बसवून दिलं. वावरमन निदान तबेला, नालबंद, मोतद्दार दाखवतो. कष्ट त्याला दिसतात. पण चित्र विकत घेणारा मोतद्दार नव्हता.

पुढं कॉयपचंच 1652 च्या सुमाराचं एक चित्र आहे, इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातलं. घोडे धरून एक काळा पोरगा उभा. चित्राच्या प्रचलित शीर्षकात त्याचं नाव नाही, त्याचा वर्ण आणि त्याची चाकरी तेवढी आहे. 1637 साली डचांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिना किल्ला घेतला होता, तिथून माणसं विकली जात होती. अमेरिकेकडच्या डच वसाहतींतली गुलामगिरी कायद्यानं संपली ती 1863 साली. समीक्षक उजेडावर लिहितात. त्या पोराला कोण विचारतो?

माझी नजर तिथंच अडकली. कारण तो पोरगा माझ्या ओळखीचा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची मत्ता सांगितलीय: कुत्री आणि गाढवं. घोडा नाही. पण दुसऱ्याचा घोडा धरायला मात्र आपणच. अंमलदार गावात आला की महारानं त्याच्या घोड्यापुढं पळायचं, घोडा सांभाळायचा, चारा टाकायचा. ह्याला म्हणे वतन! बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं. ही वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं.

आणि 1929 सालचं चाळीसगाव. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. धुळ्याच्या लाइनीवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला उतरले. महारवाडा स्टेशनापासून दोनेक मैल. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली: टांगा त्यांचा, हाकणारा आपला. आपल्या माणसाला हाकता येत नव्हतं. फरशीपुलाला कठडे नव्हते, कडेला नुसते दगड. चाक दगडावर आदळलं. बॅरिस्टर आंबेडकर फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत.

रोजच्या भाड्यावर जगणारा टांगेवाला बॅरिस्टरपेक्षा मोठा! 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी ते सगळं मांडलंय. हाकणाऱ्याला मी दोष देत नाही. लगाम धरून उभं राहायला आपल्याला शिकवलं होतं, बसून हाकायला नाही. आजही राजस्थान-गुजरातेत आपल्या नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढल्याच्या बातम्या येतात, त्या उगाच नाहीत.

तेव्हा कलेत राजकारण आणू नका म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: घोड्यावर कोणाला बसवायचं आणि खाली कोणाला उभं करायचं, हे चित्रकारानं ठरवलं तेव्हाच राजकारण आलं. आम्ही नंतर आलो.

मित्राचं पुस्तक परत केलं. आता आपल्यातल्या ज्याच्या हातात ब्रश आहे त्यानं चाळीसगावचा तो पूल काढावा. नदीत पडलेलं ते घोडंही काढावं, त्याचा काही गुन्हा नव्हता. आणि हाकणाऱ्याला तोंड द्यावं, नुसती पाठ नको.