सास्तूरचे ऊन आणि टॅनिंग सलूनचे नियम

युरोपात पैसे देऊन कातडी रापवून घेण्याची दुकाने आहेत. त्यांना टॅनिंग सलून म्हणतात. वर-खाली अतिनील किरणांचे दिवे बसवलेल्या पलंगावर काही मिनिटे निजायचे, की गोरी कातडी सावळी होऊ लागते. शेतात दिवसभर खुरपणाऱ्या बाईला हे ऐकून हसू येईल. तरीही या दुकानांसाठी केलेले नियम विज्ञानशिक्षकांनी एकदा पाहावेत असे आहेत.

अनेक देशांत अठरा वर्षांखालील मुलांना तेथे बंदी आहे. डोळ्यांवर गॉगल हवा, वेळ संपताच दिवे आपोआप बंद व्हायला हवेत. शिवाय युरोपीय मानकानुसार दिव्यांच्या तीव्रतेलाही मर्यादा आहे. कातडी लाल करण्याची क्षमता लक्षात घेऊन मोजलेली ही तीव्रता दर चौरस मीटरला ०.३ वॅटपेक्षा अधिक असू नये. आता याच राशीला ४० ने गुणले की हवामानशास्त्रातला अतिनील निर्देशांक मिळतो. ०.३ गुणिले ४०, म्हणजे १२.

धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि निरभ्र दुपारी निर्देशांक १२ च्या घरात जातो. म्हणजे यंत्राला जेवढी कमाल परवानगी, तेवढे ऊन सास्तूरला फुकट पडते! न रापलेल्या कातडीला पहिल्या बैठकीत दर चौरस मीटरला १०० ज्यूलपेक्षा अधिक मात्रा देऊ नये, असेही ते मानक सांगते. १०० भागिले ०.३, म्हणजे ३३३ सेकंद. साडेपाच मिनिटांत पहिली बैठक संपली. नववीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे.

अर्थात आपली कातडी याहून बरीच अधिक मात्रा सोसते. पण ती नेमकी किती सोसते, याविषयी हे नियम फारसे बोलत नाहीत. ज्या कातडीच्या प्रकारांवर ते बेतले आहेत, ते वर्गीकरण फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये गोऱ्या रुग्णांच्या किरणोपचारासाठी केले होते. तपकिरी आणि काळ्या कातडीची तपशीलवार भर नंतर पडली. डोळ्यांचे मात्र वेगळे आहे. कातडीतले रंगद्रव्य डोळ्यातल्या भिंगाला वाचवत नाही, आणि मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील किरणही आहेत. त्यामुळे गॉगलचा नियम तेवढा सास्तूरलाही जसाच्या तसा लागू पडतो.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. रापणे हीच मुळी पेशींतील डीएनएला इजा झाल्यावर कातडीने दिलेली प्रतिक्रिया आहे. गिऱ्हाईक पैसे देते ते इजेच्या परिणामासाठी, आणि नियम सांगतो, इजा बेताने करा. २००९ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे दिवे निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंद केला. २०१६ मध्ये युरोपीय महासंघाच्या वैज्ञानिक समितीनेही सुरक्षित मर्यादा अशी नाहीच, असा निर्वाळा दिला. घड्याळ, गॉगल, मापक सगळे जागेवर होते. ज्याचे माप घ्यायचे ती सुरक्षित मात्राच अस्तित्वात नव्हती.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. पार्लरच्या दरपत्रकावर 'डी-टॅन' असते आणि गिऱ्हाइकाला गोरे व्हायचे असते. येथे मर्यादा अगदी स्पष्ट आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. पण तो मोजतो कोण? पारा टायरोसिनेज या विकराला अडवतो, त्यामुळे रंग खरोखरच उजळतो आणि गिऱ्हाईक खूश होते. तोच पारा कातडीतून रक्तात जाऊन मूत्रपिंडात साठतो. अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात धागा क्रीमपर्यंत पोचला, हे २०२३ मध्ये वृत्तपत्रांत आले होते. केरळातील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण होते. त्यांपैकी १५ जणांत 'नेल-१' हे प्रथिन आढळले, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

सास्तूरने १९९३ चा भूकंप सोसला आहे. भूकंपरोधक घरात दारा-खिडक्यांवरून जाणारा काँक्रीटचा पट्टा गिलावा होण्याआधी कोणालाही डोळ्यांनी पाहता येतो. पांढऱ्या क्रीममधला पारा तसा दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, आणि ती पार्लरपासून फार दूर असते. नियमाने डबीवर मर्यादा घातली, पण ती तपासण्याचे साधन गिऱ्हाइकाजवळ पोचवले नाही, हा या नियमातला सर्वात मोठा दोष मला वाटतो.

तोवर निदान डबी वाचता येते. उत्पादकाचे नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल तर ती बाजूला ठेवावी. काही डब्यांवर 'सोने, चांदी, ॲल्युमिनियम यांचा स्पर्श टाळा' अशी सूचना असते. पारा या धातूंशी संयोग पावून पारदमेल बनवतो, हे ज्याने वर्गात शिकवले आहे त्याला त्या ओळीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.