खारेपाटणच्या ताम्रपटातील दहा पिढ्या

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील खारेपाटणचा शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० (इ. स. १००८) चा. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा पिढ्या त्यात येतात. गादी प्रत्येक वेळी बापाकडून मुलाकडे जाते. भाऊबंदकीचा मागमूस नाही. अभ्यासक या यादीतून बहुधा कालगणना काढतात. पण तिच्याआधी काय कोरले आहे, तेही वाचले पाहिजे. आधी राष्ट्रकूटांची वंशावळ, मग त्यांना उलथवणारा चालुक्य तैलप, मग सत्याश्रय. राष्ट्रकूट सत्ता ९७३ मध्येच संपली होती. मग ३५ वर्षांनी मांडलिक बुडालेल्या धन्याचे नाव का मिरवतो? कारण समुद्र आणि सह्याद्री यांमधली भूमी सणफुल्लाला मिळाली ती राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने. ते नाव गाळले तर हक्काचे मूळच जाते. चालुक्यांना वगळले तर गादी जाते. म्हणून ही वंशावळ मला घराण्याच्या अभिमानापेक्षा नव्या धन्यापुढे केलेला अर्ज वाटते. अर्ज फळाला आला नाही. १०२४ च्या मिरज ताम्रपटात चालुक्य जयसिंह सप्तकोकणच्या अधिपतींचे सर्वस्व हरण केल्याचे सांगतो, आणि रट्टराजानंतर या शाखेचा एकही राजा ज्ञात नाही. दहा पिढ्यांचा अखंडपणा तांब्यावर टिकला, गादीवर नाही.